शिंदे घाटावरचा घास

काशीतला शिंदे घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० मध्ये बांधला. कागलच्या घाटग्यांची ही लेक, ग्वाल्हेरच्या दौलतराव शिंद्यांची राणी. घाटाच्या पायथ्याशी रत्नेश्वर महादेवाचं देऊळ एका अंगाला कललेलं आहे आणि पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो. दक्षिणेला लागूनच मणिकर्णिका. गंगा इथे उत्तरवाहिनी आहे, म्हणून मणिकर्णिकेच्या चितांची राख घेऊन येणारं पाणी आधी शिंदे घाटाला लागतं. हिवाळ्यात या पाण्यावर कुरवांचे थवे उतरतात. नावाडी त्यांना सरसकट ‘साइबेरियन’ म्हणतात. यात्रेकरू नावेत बसून त्यांना शेव घालतात, आणि पांढऱ्या पंखांचा तो गराडा भोवती पडला की माणसं लहान मुलांसारखी हसतात.

त्या शेवेवरून माझ्या मनात बराच काळ भांडण चालू आहे. दोन्ही बाजूंना तोंड मिळावं म्हणून पुढचा संवाद मी रचला. मामा ब्रह्माघाटाच्या मराठी वस्तीत वाढलेले, महाराष्ट्रातून येणाऱ्या यजमानांचे विधी करणारे. भाची पुण्यात प्राणिशास्त्र शिकवते, तिचं सासर शिराळ्याचं. दोघं शिंदे घाटाच्या पायऱ्यांवर बसले आहेत. साताऱ्याहून आलेल्या एका बाईंनी सकाळी नवऱ्याच्या अस्थी गंगेत सोडल्या. आता त्यांना नावेतून पक्ष्यांना खाऊ घालायचं आहे. नाव सुटायला अजून वेळ आहे.

भाची: मामा, त्या काकूंना सांगा ना, शेव घेऊ नका म्हणून.

मामा: कोणत्या तोंडानं सांगू? सकाळपासून त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. अस्थी सोडतानासुद्धा नाही. ते पक्षी दिसले आणि म्हणाल्या, या पक्ष्यांना काही घालता येईल का हो, आमच्या ह्यांच्या नावानं? दिवसभरातलं त्यांचं ते पहिलं बोलणं. त्यावर मी नाही म्हणू?

भाची: त्यांचं दुःख मला दिसतंय. पण शेव म्हणजे तळलेलं बेसन, वर मीठ आणि तिखट. कुरवाचं खाणं मासे, किडे, पाण्यावर तरंगणारं मेलेलं काहीबाही. हे पक्षी मध्य आशियातून, त्याच्याही उत्तरेकडून येतात. हिवाळा संपला की तेवढंच अंतर परत उडायचं. त्या प्रवासाची ताकद इथल्या खाण्यातून गोळा करायची असते, आणि आपण त्यांचं पोट फरसाणानं भरतो. आपल्याकडे गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमागेही हेच चालतं. तिथे वेफर्स, इथे शेव.

मामा: एका मुठीनं पक्षी मरत नाही.

भाची: मूठ एकच असती तर मी बोललेच नसते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत नावा चालू असतात, मामा, आणि प्रत्येक नावेत कुणीतरी आपली एकच मूठ टाकत असतं.

मामा: म्हणजे हजारांचा दोष त्या एका बाईच्या पदरात. हे मला पटत नाही. आता माझं ऐक. श्राद्धाच्या दिवशी आपण पाच घास बाजूला काढतो. गाईचा, कुत्र्याचा, कावळ्याचा, देवादिकांचा, मुंग्यांचा. ते काढल्याशिवाय पान वाढायचं नाही. ज्या घरात पोरं हे बघत मोठी होतात, त्या घरात एवढं तरी रुजतं की अन्न एकट्याचं नसतं. तुमचं शास्त्र सांगतं लांब उभे राहा, हात लावू नका, दुर्बिणीतून बघा. लांब उभ्या राहिलेल्या माणसाला माया कशी लागायची? आणि माया नसेल तर उद्या हे पक्षी आले नाहीत म्हणून कुणाच्या पोटात तुटणार आहे?

भाची: हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. पण कासवांबद्दल.

मामा: कुठली कासवं?

भाची: याच पाण्यातली. १९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली तेव्हा एक विचार पुढे आला. अर्धवट जळलेले, नुसतेच सोडलेले देह नदीत येतात. गंगेतलं मऊ पाठीचं कासव मेलेलं मांस खातं. तर कासवं वाढवून इथे सोडा, ती नदी साफ करतील. चंबळ-यमुनेकडची अंडी आणून पिल्लं वाढवली, हजारोंनी सोडली. १९८९ मध्ये रामनगर ते राजघाट हा सात किलोमीटरचा पट्टा कासवांचं अभयारण्य झाला. आपण बसलोय तो घाट त्याच पट्ट्यात येतो.

मामा: आठवतंय. वाळू काढायला बंदी होती तेव्हा.

भाची: पुढे तीच बंदी अडचणीची झाली. पैलतीराला वाळू साठते आणि प्रवाह घाटांचे पाय पोखरतो, असं एक म्हणणं होतं. जलमार्गही करायचा होता. इथे कासवं फारशी दिसतच नाहीत, असंही म्हणाले. २०२० मध्ये अभयारण्याची अधिसूचना रद्द झाली, नवं अभयारण्य वर प्रयागराज-मिर्झापूरच्या बाजूला गेलं. आता सांगा, इथे कुणाच्या पोटात तुटलं? कासव तर विष्णूचा अवतार. यमुनेचं वाहन. महाराष्ट्रात सभामंडपात पाऊल टाकलं की जमिनीत दगडाचं कासव असतं. त्याला हात लावून कपाळाला लावल्याशिवाय आपण पुढे जात नाही. एवढा मान असलेल्या प्राण्याचं घर कागदावर एका सहीनं गेलं आणि या घाटांवर एक घंटा थांबली नाही.

*मामा बराच वेळ काही बोलत नाहीत. हे उत्तर मलाही सापडत नव्हतं, म्हणून ती शांतता इथे आहे तशी ठेवते.*

मामा: तुझं खरं आहे. आपण दगडाच्या कासवाला नमस्कार केला आणि पाण्यातल्या कासवाला कामावर ठेवलं. कासवाशी नातं असं जुळलंच नाही. काम संपलं, की नेमणूकही संपली.

भाची: मग मान कशाला म्हणायचं? शिराळ्याला आमच्याकडे नागपंचमीला जिवंत नाग पूजायचे. गावातल्या मंडळांची पोरं आधी रानातून नाग धरून आणायची, मडक्यात ठेवायची, पंचमीला मिरवणूक, मग जिथून आणला तिथे नेऊन सोडायचा. उच्च न्यायालयानं वन्यजीव कायद्यावर बोट ठेवून ते थांबवलं. सासूबाई अजून हळहळतात. त्यांचं म्हणणं, आमच्या गावात कुणी नागावर काठी उगारत नाही ते या पूजेमुळेच. ते मला खोटं वाटत नाही, कारण बांधावर नाग निघाला तर वाट देणारी माणसं मी तिथे पाहिलीत. तरीही मडक्यात दिवस काढणाऱ्या नागाचा विचार केला की मी न्यायालयाच्या बाजूला जाते. नागानं त्या पूजेला होकार दिला होता का?

मामा: होकार. थांब, इथे काहीतरी आहे. कावळ्याचं बघ. दहाव्याला पिंड ठेवतो आणि सगळे लांब होतो. कावळा शिवेपर्यंत कुणी हलत नाही. शिवला नाही, तर मुलगा पुढे होतो आणि मोठ्यानं बोलतो. धाकट्याचं शिक्षण मी करीन. घर मोडणार नाही. आईला अंतर देणार नाही. तासन् तास उन्हात उभी राहिलेली घरं मी पाहिलीत. एवढी शिकलेली, पैसेवाली माणसं एका पाखराच्या मर्जीवर उभी असतात. त्या विधीत कावळ्याला ‘नाही’ म्हणता येतं, आणि त्याचं ‘नाही’ सगळे ऐकतात. नागाला ते म्हणता येत नव्हतं. चंबळेहून आणलेल्या कासवाला कुणी विचारलं नाही, आणताना आणि काढताना दोन्ही वेळा.

भाची: आणि कावळा आलाच नाही की दर्भाचा कावळा करून शिववता.

मामा: शास्त्रात सोय आहे, म्हणून करतो. पण मला ते कधी आवडलं नाही. दर्भाचा कावळा नाही म्हणत नाही. त्यानं शिवल्यावर घरातल्या कुणाला काही कबूल करावं लागत नाही. झाडं तोडून कावळे घालवायचे आणि मग दर्भाचा कावळा करायचा, यात त्या मेलेल्या माणसाचंही काहीतरी चुकतं असं मला वाटतं.

भाची: मामा, हे चांगलं सांगितलंत. पण यानं शेवेचा प्रश्न सुटत नाही. कुरव आपण होऊन येतो. त्याला कुणी मडक्यात घातलेलं नाही. तुमच्या हिशेबानं तोही होकारच देतोय.

मामा: देतोय खरा.

भाची: म्हणून होकार पुरेसा नाही. भुकेला जीव समोर आलेलं उचलतो, त्याला होकार म्हणू नये. कावळा आणि कुत्रा पिढ्यान्पिढ्या आपल्या उष्ट्यावर जगलेत. आपला भात त्यांच्या पोटाला नवा नाही, आणि त्यांना कुठे हजारो कोस उडायचंही नाही. कुरव इथे चार महिने पाहुणा आहे. त्याला भजी-शेवेची चटक लावणं हे आदरातिथ्य नव्हे. त्याचा घास म्हणजे मासा. त्याला खाऊ घालायचं असेल, तर नदीत मासा राहील असं वागायचं. ते आपल्याला जड जातं म्हणून आपण पुडी फोडतो, आणि रिकामी पुडीही पुष्कळदा पाण्यातच जाते.

मामा: म्हणजे पुन्हा लांबच उभं राहायचं?

भाची: नाही. इथे मी तुमच्याकडे येते. मायेशिवाय काही टिकत नाही हे तुमचं म्हणणं मला वेळासला पटलं. रत्नागिरी जिल्ह्यातलं वेळास, नाना फडणविसांचं मूळ गाव. समुद्री कासवं तिथे किनाऱ्यावर अंडी घालतात आणि पूर्वी ती अंडी लोक काढून न्यायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं २००२ पासून तिथे काम सुरू केलं. गावातलीच माणसं पहाटे किनारा चालतात, घरटं सापडलं की अंडी कुंपणातल्या वाळूत हलवतात, दीड-दोन महिने राखण करतात. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. लोक गावातल्या घरांत राहतात, जेवतात, आणि पिल्लं समुद्राकडे चालत जाताना दोरीमागे उभे राहून बघतात. पिल्लाला कुणी उचलत नाही, काही भरवत नाही. ते आपल्या पायांनी जातं. तरी शेजारची माणसं रडताना मी पाहिलीत. तेही एक नातंच आहे, मामा. त्यात माणसाला काम आहे आणि कासवाला त्याची स्वतःची वाट आहे.

मामा: वेळासच्या माणसाला त्यातून दोन पैसे मिळतात, हे विसरू नकोस. इथला नावाडी शेवेवर दोन पैसे कमावतो. तू काकूंना शेव सोडायला लावलीस, तर तूट त्याला पडते.

भाची: ती भरून द्यायला हवी. त्याचं पोट मारून पक्ष्यांचं पोट सांभाळायला मी सांगत नाहीये.

मामा: मग मी काकूंना असं सांगतो. नाव पैलतीराकडे नेऊ, पक्ष्यांमध्ये थांबू, हवा तेवढा वेळ. हात रिकामे ठेवू. परत आल्यावर इथे पायरीवर मूठभर भात कावळ्याला आणि कुत्र्याला घालू, त्यांच्या यजमानांच्या नावानं. काशीचा कोतवाल कालभैरव, कुत्रा त्याचं वाहन. त्याला घातलेला घास त्या कुठेच वाया गेला म्हणणार नाहीत.

भाची: आणि कावळा आला नाही तर?

मामा: तर थांबू. त्यांना काही कबूल करायचं असेल नवऱ्यापाशी, तर त्याला वेळ मिळेल.

संवाद इथे थांबतो, कारण दोघांनी ठरवायचं ते ठरवलं. माझं मतही मामांच्या त्या शेवटच्या बेतापाशी येऊन ठरलं आहे. एखाद्या प्राण्याला आपण धर्मात, सणात, कामात जागा दिली की त्याचं देणं आपल्यावर लागतं, आणि ते त्याच्या पाण्यात, वाळूत, झाडावर फेडायचं असतं. काशीच्या कासवांचं ते देणं आपण बुडवलं. कुरवांचं अजून फेडता येईल. यंदाच्या थंडीत काशीला किंवा मांडव्याला जाणार असाल तर शेव-वेफर्सची पुडी घेऊ नका, आणि त्या पुडीचे पैसे नावाड्याला भाड्याबरोबर जास्तीचे द्या. कशाचे ते त्याला सांगा.