पाहणारा डोळा आणि सदसद्विवेक

‘ज्याच्या मनात पाप नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे?’ हा प्रश्न अलीकडे वारंवार कानी पडतो. जळगावच्या सराफ बाजारातले व्यापारी तो विचारतात, भुसावळच्या रेल्वे वसाहतीतील निवृत्त मंडळी विचारतात, आणि धर्मग्रामाच्या बैठकीत चर्चच्या आवारात कॅमेरे बसवण्याचा विषय निघाला की आपले श्रद्धावंतही हाच प्रश्न करतात. प्रश्न प्रामाणिक आहे. तो विचारणारी माणसे कष्टाळू आणि कायदा पाळणारी आहेत. कुणाच्या दुकानाचे कुलूप तुटलेले असते, कुणाच्या आईच्या गळ्यातली पोत मोटारसायकलवरून आलेल्यांनी भर रस्त्यात ओढून नेलेली असते. अशा माणसांपुढे ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ हा भारदस्त शब्द ठेवून मोकळे होणे मला उचित वाटत नाही. त्यांच्या प्रश्नात एक नैतिक विधान दडलेले आहे. एकान्त फक्त पाप्याला हवा असतो, असे ते विधान आहे. ते खरे आहे काय, हे तपासले पाहिजे.

प्रथम जे मान्य करायला हवे ते मान्य करू. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने राम प्रधान समिती नेमली. त्यानंतर मुंबईच्या रस्त्यांवर कॅमेऱ्यांचे जाळे विणण्याची योजना पुढे आली आणि २०१६ पर्यंत त्या शहरात सुमारे ४,७०० कॅमेरे उभे राहिले. मग हे लोण इतर शहरांत पसरले. आज आपल्या खानदेशातही पोलीस व्यापाऱ्यांना सांगतात की दुकानातला एक कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून लावा. त्यात गैर काही नाही. हरवलेले मूल सापडते, अपघात करून पळालेल्या ट्रकचा क्रमांक मिळतो. समाजाची राखण करणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य आहे आणि राखण डोळे मिटून होत नाही.

आपल्या धर्मशिक्षणातही भीतीला अगदीच टाकून दिलेले नाही. शिक्षेच्या भयाने होणारा पश्चात्ताप आणि देवावरील प्रेमापोटी होणारा पश्चात्ताप हा भेद आपण लहानपणी शिकलो. सोळाव्या शतकातील ट्रेंटच्या विश्वपरिषदेने पहिल्या प्रकाराला अपूर्ण म्हटले, तरी तो निरुपयोगी आहे असे म्हटले नाही. माणसाला वळवणारी ती सुरुवात असू शकते. तेव्हा कॅमेऱ्याच्या धाकाने एखाद्याचा चोरीसाठी उचललेला हात मागे आला, तर त्याला मी हसणार नाही. परंतु सुरुवात म्हणजे शेवट नव्हे. ज्या शाळेतली मुले केवळ भिंतीवरच्या डोळ्याला भिऊन कॉपी करीत नाहीत, त्या शाळेने मुलांना प्रामाणिकपणा शिकवला की कॅमेरा कुठवर पाहतो याचा अंदाज घ्यायला शिकवले? सदसद्विवेक ही कुणी पाहत नसतानाच कसाला लागणारी गोष्ट आहे.

आता मूळ विधानाकडे येऊ. प्रभू येशूने प्रार्थनेसाठी दार लावून आतल्या खोलीत जायला सांगितले. दानधर्म करताना एका हाताचे दुसऱ्या हाताला कळू नये, असे सांगितले. म्हणजे एकान्त पापालाच लागतो असे नाही, पुण्यालाही लागतो. आजारी शेजाऱ्याच्या घरी रात्री गुपचूप धान्याची पिशवी ठेवून येणारा माणूस काही लपवतो, पण त्यात लाज नसते. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी गुडघे टेकणारा माणूस जे बोलतो ते धर्मगुरूने प्राण गेला तरी उघड करायचे नाही. उघड करणारा धर्मगुरू त्या क्षणी आपोआप बहिष्कृत होतो, असा चर्चचा कायदा आहे. इतका कठोर नियम का केला असावा? दुसरे कुणी ऐकत नाही ही खात्री असल्याशिवाय माणूस स्वतःचेही खरे ऐकत नाही, हे चर्चला अनुभवाने कळले होते, असे मला वाटते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील चर्चविषयीच्या दस्तऐवजात खाजगी जीवनाच्या संरक्षणाचा हक्क अन्न, वस्त्र, निवारा, शिक्षण आणि चांगले नाव यांच्याच पंक्तीत बसवला. तो श्रीमंतांचा चोचला असता तर भाकरीशेजारी आला नसता.

आणि जळगावकरांनी तरी चित्रणाचे भय निष्पापाला नसते असे म्हणू नये. १९९४ साली या शहरात जे प्रकरण उघडकीस आले, त्यात छायाचित्रांचा धाक दाखवून स्त्रियांना गप्प ठेवले गेले होते. त्या स्त्रियांनी काही पाप केले नव्हते. चित्र कुणाच्या हाती आहे, एवढ्याने त्यांचे आयुष्य ठरले.

पहारा आपल्या मुलखाला नवा नाही. प्रत्येक गावाला जागल्या होता. रात्री फिरून हाका देणे, परक्या माणसाची चौकशी करणे, चोराचा माग काढणे ही त्याची कामे. खानदेशात ही जागल पुष्कळ गावी भिल्लांकडे होती. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा मुलूख घेतला तेव्हा डोंगरातले भिल्ल त्यांच्याशी झुंजत होते. १८२५ साली औट्रॅम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल पलटण उभी केली आणि ज्यांच्यावर नजर ठेवायची त्यांच्याच हाती पहारा दिला. राज्यकर्त्यांचा हा डाव धूर्त होता. तथापि जागल्याविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तो गावाला पाहत असे आणि गाव त्याला पाहत असे. त्याने झोप काढली, खोटा आळ घेतला, कुणाच्या दारापाशी नको तेवढा रेंगाळला, तर सकाळी पारावर त्याला जाब विचारता येई. त्याला नाव होते, बायकामुले होती, बलुत्याचे धान्य गावाकडून मिळायचे होते.

याच्या उलट पहारा १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आणला. पुढे १९११ च्या कायद्याने तो मुंबई-मद्रास इलाख्यांपर्यंत पोहोचला. माणसाने काय केले यापेक्षा तो कुणाच्या पोटी जन्मला हे पाहून त्याचे नाव नोंदवहीत चढे. हजेरी द्यायची, परवान्यावाचून गाव सोडायचे नाही, बोटांचे ठसे द्यायचे. सोलापूरसारख्या ठिकाणी तर तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या. १९५२ साली हा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणू लागले. परंतु वही बंद झाली तरी वहीतली नजर गेली नाही. आजही गावाबाहेर पारध्यांचे पाल पडले आणि त्याच आठवड्यात चोरी झाली, तर चौकशी कुठून सुरू होते हे वाचकांना सांगायला नको.

नोंद माणसाला किती चिकटते, याचे उदाहरण म्हणून खरक सिंग यांचा खटला सांगतो. उत्तर प्रदेशातल्या या गृहस्थावर १९४१ साली दरोड्याचा आरोप आला. पुरावा नव्हता म्हणून ते सुटले. तरी पोलिसांनी त्यांच्या नावाने हिस्ट्रीशीट उघडले आणि मग वर्षानुवर्षे रात्री-अपरात्री शिपाई दार ठोठावून त्यांना उठवू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी घटनाबाह्य ठरवल्या. मात्र बाकीची पाळत न्यायालयाने तशीच राहू दिली. खाजगीपणा हा मूलभूत हक्क नव्हे, असे बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेगळे मत नोंदवले. ज्याच्या प्रत्येक पावलावर डोळा आहे तो मोकळा फिरत असला तरी मोकळा नसतो, असा त्या मताचा आशय होता. त्या मताला न्याय मिळायला २४ ऑगस्ट २०१७ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला.

परंतु शिपायाला रात्री चालत यावे लागे. यंत्राला यावे लागत नाही. महाराष्ट्र पोलिसांकडे आता बोटांचे ठसे, तळहात, चेहरा आणि डोळ्याचे बुबुळ यांची एकत्र नोंद ठेवणारी यंत्रणा आहे. २०२४ साली शासनाने ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापून कृत्रिम बुद्धिमत्ताही पोलिसांच्या मदतीला आणली. चेहरा ओळखणारे यंत्र माणसाला ओळखत नाही. ते चेहऱ्याची मापे घेते, साठवलेल्या मापांशी ताडते आणि किती जुळले तो आकडा सांगते. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकाराखाली दिलेल्या उत्तरावरून कळले की ८० टक्के जुळणी झाली तर ते ओळख पटली असे धरतात. उरलेल्या २० टक्क्यांत कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी नवरा असतो. अमेरिकेत डेट्रॉइट शहराजवळ जानेवारी २०२० मध्ये एका कृष्णवर्णीय गृहस्थाला बायको आणि दोन लहान मुलींच्या देखत बेड्या घातल्या गेल्या. यंत्राने दुकानातल्या चोराच्या जागी त्याचा चेहरा दाखवला होता.

मला याहूनही जास्त अस्वस्थ करणारा आकडा आपल्याच देशातला आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याप्रमाणे घेतलेली मापे ७५ वर्षे जपून ठेवायची आहेत. ती केवळ शिक्षा झालेल्यांचीच घेता येतात असेही नाही, अटक झालेल्यांचीही घेता येतात. निर्दोष सुटलेल्याची नोंद नष्ट करावी अशी तरतूद आहे, पण दंडाधिकाऱ्याला कारणे देऊन ती ठेवण्याची मुभा आहे. अठराव्या वर्षी चूक केलेला आणि तिची शिक्षा भोगलेला पोरगा त्र्याण्णव वर्षांचा होईपर्यंत ती नोंद त्याच्या मागे राहणार. माणूस बदलू शकतो या श्रद्धेवर आपला सारा धर्म उभा आहे. जक्कय उंबराच्या झाडावरून उतरला तो पहिला जक्कय उरला नव्हता. पंच्याहत्तर वर्षांच्या वहीत अशा उतरण्याला रकाना नाही.

देव सर्व पाहतो, मग पोलिसांनी पाहिले तर काय बिघडले, असेही एकदा मला कुणी म्हणाले. बिघडते ते असे. उत्पत्तीच्या पुस्तकात हागार ही दासी मालकिणीच्या छळाला कंटाळून रानात पळून जाते. तिथे झऱ्यापाशी देवाचा दूत तिला गाठतो, नावाने हाक मारतो, कुठून आलीस आणि कुठे चाललीस असे विचारतो. तेव्हा ती देवाला ‘मला पाहणारा देव’ अशा अर्थाचे नाव देते. बायबलमध्ये देवाला नाव देण्याचे धाडस एका पळालेल्या दासीने करावे, हे मला नेहमी विलक्षण वाटत आले आहे. देवाची नजर तिची नोंद करून थांबत नाही, तिच्या बाजूला येऊन उभी राहते. जो पाहतो तो पाहिलेल्याला बांधील होतो, हा त्या कथेतला नियम आहे. याच नियमावर माणसांचे पाहणेही पारखले पाहिजे.

आपल्याच दोन घटना त्या कसोटीवर लावून पाहाव्यात. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळवणारे समजून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. मोबाईलवर फिरणारी अफवा त्याला कारण झाली, आणि मारहाण चालू असताना मोबाईलवरच तिचे चित्रण झाले. इतके डोळे आणि इतके कॅमेरे तिथे होते, पण त्या पाचांचा जीव वाचला नाही. पाहणे होते, बांधील होणे नव्हते.

दुसरी घटना धुळे शहरातली. ६ जानेवारी २०१३ रोजी खाणावळीतल्या बिलाच्या क्षुल्लक भांडणातून दंगल पेटली आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण मेले. पुढे नागरिकांनी मोबाईलवर टिपलेली दृश्ये बाहेर आली. त्यांत काही पोलीसच मालमत्तेची नासधूस व लूट करताना दिसले आणि त्यांच्यातील सहा जणांना अटक झाली. ते मोबाईल नसते तर त्या गल्ल्यांतल्या लोकांच्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला असता, असे मला वाटत नाही. तेव्हा कॅमेऱ्याला सरसकट नकार देणारा मी नाही. धुळ्यात जे घडले ते जागल्याला पारावर जाब विचारण्यासारखेच होते.

म्हणून कॅमेरा किती दूरचे पाहतो याची चर्चा मला दुय्यम वाटते. चित्रण कोण पाहणार, किती दिवस ठेवणार, चूक झाली तर कुणाचे नाव घेऊन विचारायचे, हे आधी ठरायला हवे. संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला खरा, परंतु केंद्र सरकारला आपल्या हव्या त्या यंत्रणेला अधिसूचना काढून त्यातून वगळता येते. ज्याच्या हाती सर्वांत मोठा डोळा आहे त्यालाच झाकून घेण्याची ही सवलत आहे.

या अंधारात एक निकाल मात्र प्रत्येक धर्मग्रामात माहीत असावा. २ डिसेंबर २०२० रोजी परमवीर सिंग सैनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे हवेत. प्रवेशद्वार, कोठडी, व्हरांडे, निरीक्षकाची खोली, काहीही सुटता कामा नये, आवाजही नोंदला जावा, आणि चित्रण शक्यतो अठरा महिने, किमान एक वर्ष जपावे. ठाण्यात कुणाला गंभीर मारहाण झाली तर त्याला मानवी हक्क आयोगाकडे किंवा न्यायालयाकडे जाऊन ते चित्रण सुरक्षित ठेवायला लावता येते. हा हक्क सांगणारा मोठा फलक ठाण्याच्या प्रवेशद्वाराशी आणि आत इंग्रजी, हिंदी व स्थानिक भाषेत लावावा, असेही त्या आदेशात आहे. ‘स्थानिक भाषा’ म्हणजे मराठी, हे उघड आहे. अहिराणी किंवा भिली एवढीच जाणणाऱ्या म्हातारीला तो फलक कुणीतरी वाचून दाखवावा लागेल, आणि त्याआधी तो तिथे लावलेला आहे काय, हे ठाण्यात जाऊन पाहावे लागेल.