दोन ड्रम, एक विटाळ

पातूरकडच्या माझ्या शेताच्या बांधावर दोन ड्रम आहेत. एकात जीवामृत: दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरची मूठभर माती. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांनी ही रीत देशभर पोचवली. दुसऱ्यात माझंच मूत्र, झाकण गच्च लावून. पहिल्याला वहिनी हात जोडते, दुसऱ्याजवळून जाताना पदर नाकाला लावते. "भाऊजी, हे कायले ठेवलं इथं? विटाळ होते न बाप्पा!" खरं तर वास पहिल्याचाच जास्त येतो.

माणूस दिवसाला लिटर-दीड लिटर मूत्र टाकतो. घरच्या सांडपाण्यात ते शंभरात एक भागाएवढं, पण सांडपाण्यातलं बहुतेक नत्र मूत्रातूनच जातं. हे सगळं नाल्यावाटे नदीत उतरतं. 2018च्या जानेवारीत हजारो अकोलेकर मोर्णा नदीतली जलकुंभी उपसायला उतरले होते. जलकुंभी काही आभाळातून पडली नव्हती, तिला खत आपणच घालत होतो. आणि त्याच वेळी युरियाच्या गोणीसाठी कृषी केंद्रासमोर रांगेत उभे राहत होतो.

मूत्र झाकून काही महिने ठेवलं की अमोनिया वाढतो, जंतू मरतात. मग दहापट पाणी घालून झाडाच्या मुळाशी द्यायचं. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात मात्र जपून, कारण मूत्रात मीठ असतं आणि तिथली जमीन आधीच त्यानं पिडली आहे.

एवढं सांगितलं तरी लोक विटाळावरच येतात. विटाळ मूत्रात असता तर गाईचंही बाटलं असतं. मला वाटतं, तो वाहून नेणाऱ्याच्या जातीत बसवलेला आहे. 1932 साली रत्नागिरीच्या तुरुंगात आप्पासाहेब पटवर्धनांनी मैलासफाईचं काम मागितलं. ते उच्चवर्णीय म्हणून त्यांना ते मिळेना. त्यापायी येरवड्याच्या तुरुंगात गांधींनी उपास धरला. घाण उपसायचा हक्क मागावा लागतो, असा हा धर्म! आमचे गाडगेबाबा दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. आम्ही त्यांच्या नावाचं स्वच्छता अभियान ठेवलं आणि झाडू पुन्हा ज्याच्या त्याच्या वस्तीत पोचता केला.

म्हणून उद्या मूत्र गोळा करणारी गाडी आली, तर मला आनंदापेक्षा धास्तीच वाटेल. तिच्यावर कुठल्या वस्तीतली पोरं असतील, हे आजच सांगता येतं. ज्याचा डबा त्यानंच न्यावा, एवढं पथ्य मी पाळतो.

यावर पारावरच्या एका म्हाताऱ्यानं मला पकडलंच. "मंग म्हातारपणी कोण नेईन तुह्या डबा?"

मी पोराचं नाव घेतलं.

"तो तं पुण्याले हाये."

म्हणजे माणूस लावावा लागणार. त्याला मजुरी किती द्यायची हे मी लगेच सांगितलं. चहा कुठल्या कपात देशीन, असं म्हाताऱ्यानं विचारलं, तेव्हा मात्र जरा थांबलो.