अपाय आढळला नाही, म्हणून अपाय नाही काय?

जनुकपरिवर्तित अन्नाच्या सुरक्षिततेविषयीचा वाद वरवर पाहता जीवशास्त्राचा वाटतो. परंतु त्याच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान कशाने होते आणि त्यावर कितपत विसंबता येते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, एक जुना प्रश्न दडलेला आहे. एखादे अन्न सुरक्षित आहे असे म्हणणारा त्या अन्नात अपाय नाही असे म्हणत असतो, आणि असे विधान कोणत्याही वस्तूच्या अस्तित्वाविषयी नसून अभावाविषयी असते. जे आहे ते दाखवता येते. जे नाही ते दाखवायचे कसे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके चर्चिला असून, त्या चर्चेतून मिळणारा निकष आजच्या वादातील दोन्ही पक्षांची परीक्षा घेण्यास पुरेसा कठोर आहे.

या प्रश्नाचे भारतातील सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे बीटी वांगे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ या मातीत आढळणाऱ्या जिवाणूतील एक जनुक वांग्याच्या झाडात घालून शेंडे आणि फळे पोखरणाऱ्या अळीला मारक ठरणारे प्रथिन झाडातच तयार व्हावे, अशी ही योजना होती. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या या वांग्याला जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये हिरवा कंदील दाखवला. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी लागवडीला स्थगिती दिली. समितीपुढे आलेल्या चाचण्यांत उंदीर, ससे आणि शेळ्या यांना 90 दिवस हे वांगे खाऊ घालण्याचे प्रयोग होते व त्यांत अपाय आढळला नव्हता. समर्थकांच्या मते एवढ्याने प्रश्न मिटत होता, तर विरोधकांच्या मते 90 दिवसांत न आढळणे म्हणजे काहीच सिद्ध न होणे होते. चाचण्यांचे निष्कर्ष दोघांपुढे एकच असूनही अनुमाने परस्परविरुद्ध निघाली, याचे कारण न आढळण्याला किती प्रामाण्य द्यायचे याविषयी दोघांची भूमिका भिन्न होती.

न आढळण्याला शास्त्रात ‘अनुपलब्धी’ अशी संज्ञा आहे. सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांनी, आणि त्यांच्यानंतर अद्वैत वेदान्ताने, अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण, म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन, मानले. नैयायिकांनी तिला स्वतंत्र स्थान न देता प्रत्यक्षाचे साहाय्यक कारण ठरवले. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीने तिचा अंतर्भाव अनुमानात केला. वर्गीकरणाबाबत असे मतभेद असले, तरी एका अटीवर या परंपरा बव्हंशी एकमत आहेत, आणि ती अट म्हणजे योग्यता. जमिनीवर घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तरच घट न दिसण्यावरून घट नाही असे म्हणता येते. काळोख्या खोलीत घट दिसला नाही, तर त्यावरून घटाविषयी काहीही ठरत नाही. धर्मकीर्तीने ही अट आणखी काटेकोर केली. ज्या वस्तू देशाने, काळाने किंवा स्वभावाने आपल्या जाणिवेपासून दूर आहेत, त्यांच्या अनुपलब्धीतून अभावाचा निश्चय होत नाही, केवळ संशय उरतो, असे त्याचे प्रतिपादन आहे. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असेही म्हणता येत नाही आणि आहे असेही नाही, हे या संदर्भातील शास्त्रातले नेहमीचे उदाहरण.

योग्यतेची अट पाळणारी चाचणी कशी असते, याचा उत्तम दाखला अमेरिकेत मिळतो. पायोनियर या बियाणे कंपनीने पशुखाद्याचा कस वाढवण्यासाठी ब्राझील नट या कवचफळातील एक जनुक सोयाबीनमध्ये घातले होते. ब्राझील नटची काही माणसांना तीव्र ॲलर्जी असते हे माहीत असल्याने अशाच माणसांच्या रक्तनमुन्यांवर नव्या सोयाबीनची परीक्षा घेण्यात आली, तेव्हा ॲलर्जी निर्माण करणारे प्रथिनच त्यात उतरले असल्याचे उघड झाले. संशोधन 1996 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ते सोयाबीन बाजारात आलेच नाही. या परीक्षेत अपाय आढळला म्हणून ती मोलाची आहेच. परंतु तो आढळला नसता, तरी त्या न आढळण्याला अर्थ राहिला असता, कारण अपाय असता तर तो नेमका जेथे दिसला असता तेथेच शोध घेतला गेला होता. बीटी प्रथिनाच्या बाबतीतही असे एक सकारण अनुमान उपलब्ध आहे: अळीच्या अल्कधर्मी आतड्यात ते विरघळते, सक्रिय होते आणि पेशींवरील विशिष्ट ग्राहकांना चिकटून आतड्याला छिद्रे पाडते, तर माणसाच्या आम्लधर्मी जठरात त्याचे सामान्यतः पचन होते आणि तसे ग्राहकही माणसाच्या आतड्यात आढळलेले नाहीत. हे अनुमान केवळ न आढळण्यावर उभे नसून कार्यकारणाच्या ज्ञानावर उभे असल्याने त्याचे वजन अधिक आहे.

तथापि धर्मकीर्तीने सांगितलेले तीनही दुरावे या विषयात खरोखर संभवतात. पहिला दुरावा काळाचा: वर्षानुवर्षे सेवन केल्यावर दिसू शकणारा परिणाम 90 दिवसांच्या प्रयोगाच्या कक्षेबाहेर राहू शकतो. दुसरा दुरावा स्वभावाचा: एखादा परिणाम इतका सूक्ष्म आणि विखुरलेला असू शकतो, की इतर शेकडो कारणांच्या गर्दीत तो वेगळा ओळखूच येऊ नये. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान, अभियांत्रिकी व वैद्यक अकादमींनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या विस्तृत अहवालात जनुकपरिवर्तित पिकांपासूनचे अन्न पारंपरिक अन्नापेक्षा आरोग्याला अधिक धोकादायक असल्याचा कोणताही सबळ पुरावा नाही असा निष्कर्ष काढतानाच, सूक्ष्म किंवा दीर्घकालीन परिणाम हुडकणे मुळातच अवघड असते हेही नमूद केले. निष्कर्षासोबत त्याची मर्यादा सांगण्याचा हा शिस्तबद्ध नमुना होय. जेथे असे अन्न वेगळे ओळखण्याची खूणच वेष्टनावर नसते, तेथे कोणी काय खाल्ले हेच कळत नसल्याने योग्यता आणखी घटते, आणि म्हणून वेष्टनावरील नोंद हा ग्राहकाच्या निवडीचा प्रश्न असतो तितकाच तो ज्ञानाच्या शक्यतेचाही प्रश्न असतो.

तिसरा दुरावा देशाचा, म्हणजे स्थळाचा, आणि महाराष्ट्राने त्याचा अनुभव कपाशीत घेतला आहे. भारतात 2002 मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली तेव्हा लोकांना खाणाऱ्याच्या शरीराविषयीही धास्ती होती: सरकीची पेंड गुरांच्या पोटात जाणार, सरकीचे तेल माणसांच्या. प्रत्यक्षात ठळक हानी ताटाऐवजी शेतात प्रकटली. गुलाबी बोंडअळीने गुजरातेत पहिल्या बीटी प्रथिनाला दाद देणे सोडल्याचे 2010 मध्ये मान्य झाले, पुढे दोन प्रथिने असलेल्या वाणालाही ती पुरून उरली आणि 2017 च्या हंगामात विदर्भाची कपाशी तिने पोखरली. अशी प्रतिकारशक्ती उद्भवेल हे शास्त्राला ठाऊक होते, म्हणूनच बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची 120 ग्रॅमची पुडी दिली जात असे, जेणेकरून कडेच्या ओळींवर प्रतिकारशक्ती नसलेल्या अळ्याही जगाव्यात. परंतु ती पुडी अनेक शेतांत पेरलीच गेली नाही. प्रयोगशाळेच्या निष्कर्षातली सुरक्षितता शेतातल्या व्यवहारावर अवलंबून होती, आणि त्या व्यवहारावर पुरेशी देखरेख नव्हती.

येथवरचे विवेचन विरोधकांच्या बाजूने झुकणारे वाटले, तरी योग्यतेचा निकष त्यांनाही तितकाच लागू होतो. फ्रान्सचे संशोधक जिल-एरिक सेरालिनी यांनी 2012 मध्ये जनुकपरिवर्तित मका खाणाऱ्या उंदरांत गाठी वाढल्याचा दावा केला. परंतु वयोमानाने ज्या जातीत गाठी आपोआपच मोठ्या प्रमाणावर होतात, त्याच जातीचे उंदीर आणि तेही लहान लहान गटांत वापरल्याने गाठींचे कारण मका आहे की वय, हे ठरवण्याची योग्यता त्या प्रयोगात नव्हती, आणि नियतकालिकाने 2013 मध्ये निष्कर्ष अनिर्णायक असल्याचे सांगून तो लेख मागे घेतला. अयोग्य प्रयोगात अपाय न आढळणे जसे निरर्थक, तसेच त्यात अपाय आढळणेही निरर्थक. शिवाय पारंपरिक पद्धतीने निपजलेले ते निर्धोक, हे गृहीतकही टिकत नाही: लेनापे नावाचा बटाटा अमेरिकेत 1967 मध्ये नेहमीच्या संकरानेच तयार झाला, पण त्यात निसर्गतः असणाऱ्या विषारी द्रव्यांचे प्रमाण जास्त निघाल्याने तो 1970 मध्ये मागे घ्यावा लागला. धोका जनुक कसे आले यापेक्षा अन्नात शेवटी काय उतरले यावर अवलंबून असतो.

विरोधकांचा शेवटचा आधार असतो तो ‘उद्या काही निघाले तर’ ही शंका. या शंकेला मर्यादा असते काय, याचे उत्तर न्यायदर्शनात मिळते. दहाव्या-अकराव्या शतकातील उदयनाचार्यांनी आणि त्यांच्या मागोमाग चौदाव्या शतकातील मिथिलेच्या गंगेशोपाध्यायांनी असे दाखवले, की शंका तेथवरच सार्थ, जेथवर ती शंका घेणाऱ्याच्या स्वतःच्याच वर्तनाशी विसंगत होत नाही. गंगेशांनी यासाठी दिलेल्या दाखल्यांत अन्नाचाही दाखला आहे: भूक भागवण्यासाठी माणूस निःशंकपणे जेवायला बसतो, यावरूनच अन्न आणि तृप्ती यांच्या संबंधाविषयीची त्याची सार्वत्रिक शंका खरी नाही हे दिसते. संकरित ज्वारी आणि किरणोत्सर्गाने बदललेले वाण कोणत्याही दीर्घ चाचणीविना जो खातो, त्याने एकाच तंत्राकडे अनंत काळाची चाचणी मागणे याच विसंगतीत मोडते. विशिष्ट प्रथिनाविषयी, विशिष्ट परिणामाविषयी, कारण दाखवून घेतलेली शंका मात्र या आक्षेपात अडकत नाही आणि तिला उत्तर देणे भागच असते.

न आढळण्याच्या प्रामाण्याची एक आणि शंकेची दुसरी, अशा या दोन मर्यादांमधून जबाबदारीचा प्रश्न उभा राहतो. नवे अन्न बाजारात आणून ज्याला लाभ होणार आहे, त्यानेच योग्य शोध घेतल्याचे दाखवावे आणि तो शोध इतरांना तपासता येईल असा उघडा ठेवावा, हे न्याय्य आहे. बीटी वांग्याच्या चाचण्यांची कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली झगडावे लागल्यानंतर खुली व्हावीत, हे या तत्त्वाच्या विपरीत होते. पण स्थगिती देणाऱ्या सत्तेवरही तितकेच दायित्व येते. दीर्घकालीन सुरक्षितता स्वतंत्र अभ्यासांनी प्रस्थापित होईपर्यंत थांबावे, असे 2010 च्या निर्णयाचे स्वरूप होते, म्हणजे ते अभ्यास घडवून आणणे हा त्या निर्णयाचाच भाग होता. शोधच न घेता नुसते थांबल्याने संशय मिटत नाही, तो तसाच साचून राहतो. दरम्यान बांगलादेशाने 2013 मध्ये याच वांग्याला परवानगी दिली, 2019 मध्ये हरियाणातील फतेहाबाद जिल्ह्यात ते बेकायदा पिकवले जात असल्याचे उघड झाले, आणि त्याच वर्षी अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी मान्यता नसलेल्या तणनाशक-सहनशील कपाशीची जाहीर लागवड केली. चोरवाटेने आलेल्या बियाण्यावर ना परीक्षा होते ना नोंद राहते. तेथे योग्यता शून्य होते.

म्हणून ‘जनुकपरिवर्तित अन्न सुरक्षित आहे काय’ हा प्रश्न या स्वरूपात विचारणेच सदोष आहे, कारण त्याला एका शब्दात उत्तर देणारा प्रत्येक जण आपल्या प्रमाणाच्या कक्षेबाहेर बोलतो. कोणते जनुक, कोणत्या पिकात, कोणत्या खाणाऱ्यासाठी, किती काळ, आणि अपाय असता तर तो या शोधात दिसला असता काय, एवढे विचारून जे उत्तर येईल ते मर्यादित असेल, परंतु ते ज्ञान असेल. जी मान्यता वा जी बंदी आपल्यासोबत पुढील शोधाची तरतूद आणत नाही, ती तर्कदृष्ट्या अपुरी समजावी.