आमरीचें पान आणि आमरीचें मूळ

(वाचावयाचा शास्त्रभाग : यिर्मया 17:5-8)



पावसाळ्याच्या तोंडाशीं सह्याद्रीच्या बाजूच्या गांवांतून जाणाऱ्यास आंब्याफणसांच्या खोडांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांचे लोंबते घोंस दिसतात. आमचे लोक त्यांस सीतेची वेणी म्हणतात. आसामांत हेंच फूल कोपौ ह्या नांवानें त्या राज्याचें राज्यपुष्प झालें आहे, आणि बिहूच्या सणांत तेथील स्त्रिया तें केसांत माळतात. ही वनस्पति आमरीच्या मोठ्या कुळांतील होय. पुष्कळ शेतकरी तिला बांडगूळ समजून कोयत्यानें खरवडून टाकितात. हा तिच्यावर अन्याय आहे. बांडगूळ झाडाचा रस शोषितें. आमरी झाडापाशीं केवळ बसावयास जागा मागते. तिचें पाणी पावसाचें व दंवाचें, आणि तिचें अन्न सालीच्या फटींत कुजलेल्या पाचोळ्याचें.

ह्या वनस्पतीस फुलें वर्षांतून थोडेच दिवस असतात. पानें मात्र बारा महिने असतात. म्हणून तिची प्रकृति जाणावयाची ती पानांवरून. लिनियस नांवाच्या स्वीडिश शास्त्रज्ञानें 1753 सालीं हिच्या शास्त्रीय नांवांत जो शब्द घातला, तोही फुलावरून नव्हे तर पानावरून घेतलेला आहे. टोंकाशीं बोथट व खांच असलेलें, असा त्याचा अर्थ. तिचें पान पट्ट्यासारखें लांब असून टोंक कोणीं दातांनीं तोडल्यासारखें दिसतें. नवशिका माणूस तें पाहून कीड शोधूं लागतो! परंतु तो रोग नव्हे. उत्पन्नकर्त्यानें तिला दिलेली ती घडण आहे. तेव्हां पान वाचणाऱ्याचा पहिला धडा हा कीं, जें आपल्या डोळ्यांस वेगळें दिसतें तें सर्व व्यंग नसतें.

आतां रंग पाहूं. पान गर्द काळपट हिरवें असेल तर तें पाहून आपणांस समाधान वाटतें. पण जाणते लोक सांगतात कीं, त्या आमरीस उजेड कमी पडत आहे व ती बहुधा फुलणार नाहीं. पान पिवळट पडून त्यावर तांबूस-जांभळी झांक आली तर ऊन अधिक होत आहे. कोवळ्या गवताचा जो हिरवा रंग, तोच बरा. भर दुपारच्या उन्हानें पान भाजलें म्हणजे त्यावर वाळलेला डाग पडतो, पण तो पसरत नाहीं. मऊ, ओला, काळसर डाग रोज वाढत असेल तर मात्र ती कूज आहे. ती निर्मळ पात्यानें त्वरित कापून टाकावी. सर्वांत खालचें एखादें पान पिवळें पडून गळालें तर भिऊं नये, तें त्याचें वय होय. पण शेंड्याचें पान पिवळें पडलें तर त्याच दिवशीं लक्ष घालावें.

ह्या सर्व खुणांत एक खूण अशी आहे कीं, तिनें आम्हांस फसविलें. ती कशी, हें आम्ही थोड्या लाजेनेंच सांगतों.

एके वर्षीं वादळांत मंदिराजवळच्या आंब्याची फांदी मोडली, व तिच्यावरील आमरी आम्हीं उचलून घरीं आणिली. आम्हीं ती कुंडींत काळी माती भरून लाविली व रोज सायंकाळीं तिला पाणी घातलें. महिन्याभरांत पानें मलूल होऊन त्यांवर सुरकुत्या पडल्या. आम्हांस वाटलें, ही तहानेली आहे. म्हणून दोन वेळां पाणी घालूं लागलों. पानें अधिकच सुकलीं. तेव्हां मंडळींतील एक वृद्ध बाई, जिचा जन्म मळ्यांत गेला, ती आमच्या दारीं आली. तिनें पानांकडे एकदांच पाहिलें, आणि कुंडी उपडी केली. मुळें तपकिरी व लिबलिबीत झालीं होतीं. बोटांनीं ओढतांच वरचें साल निघून आंत नुसता दोरा राहिला. ती म्हणाली, “पाळकसाहेब, ही तहानेनें नाहीं, पाण्यानें मरतेय.”

बंधूंनो, आमरीचीं मुळें हवेंत राहण्यासाठीं केलेलीं आहेत. कोरडीं असतां तीं रुपेरी दिसतात, भिजतांच हिरवट होतात, आणि वाऱ्यानें पुन्हां सुकतात. चिकट मातींत त्यांस वारा मिळत नाहीं व तीं कुजतात. कुजलेलें मूळ पाणी घेऊं शकत नाहीं, म्हणून पाण्यांत उभी असूनही आमरी तहानेनें सुकते. पाणी न मिळाल्यानें पानावर जी सुरकुती पडते, तीच अति पाण्यानेंही पडते. खूण एक, कारणें दोन, आणि उपाय एकमेकांच्या उलट! मूळ पाहिल्यावांचून जो उपाय करितो, तो दयेच्या हातानेंही जीव घेतो.

त्याच दिवसांत मंडळींतील एक तरुण उपासनेस येईनासा झाला होता. आम्ही त्याच्या घरीं तीन वेळां गेलों, आणि तिन्ही वेळां उपासना चुकविण्याच्या पापाविषयीं बोललों. चौथ्या वेळीं तो आम्हांस पाहून मागच्या दारानें निघून गेला. कुंडी उपडी झाली त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं आम्ही बोध न करितां त्याच्या बांधावर जाऊन बसलों व ऐकत राहिलों. बापाच्या आजारांत झालेलें कर्ज, सावकाराचा तगादा, आणि दानाची थाळी पुढें आली म्हणजे रिकाम्या हाताची लाज. हें त्याचें मूळ होतें. त्याचा विश्वास आटला नव्हता. त्याचा श्वास कोंडला होता, आणि आम्ही वर पाणी ओतीत होतों.

संदेष्टा यिर्मया परमेश्वरावर भाव ठेवणाऱ्या मनुष्यास पाण्याकांठच्या झाडाची उपमा देतो. उन्हाळ्यांतही त्याचें पान टवटवीत राहतें, ह्याचें कारण तो पानांत दाखवीत नाहीं. ओढ्याकडे पसरलेल्या मुळांत दाखवितो. आणि त्याच अध्यायांत पुढें तो सांगतो कीं, हृदयाची पारख करणारा देव आहे. आपणांस पान दिसतें, मूळ त्याला दिसतें. म्हणून मंडळींत कोणी मलूल दिसला तर चावडीवर त्याचा निवाडा करूं नका. त्याच्याजवळ बसा, विचारा, ऐका.

त्या बाईनें कुजलेलीं मुळें कापून आमरी आंब्याच्या खरबरीत सालीवर काथ्यानें बांधली, आणि सांवलींत टांगून पाणी सकाळींच शिंपडावयास सांगितलें, म्हणजे रात्रीपूर्वीं शेंडा कोरडा होतो. पुष्कळ आठवडे कांहींच दिसलें नाहीं. मग एक रुपेरी मूळ फुटलें, व त्यानंतर शेंड्यांतून एक नवें पान आलें. जुन्या पानांवरील सुरकुत्या मात्र गेल्या नाहींत; त्या बहुधा जात नाहींत. म्हणून आमरी सांवरली कीं नाहीं हें जुन्या पानावरून ठरवूं नये, नव्यावरून ठरवावें. तो तरुण आतां उपासनेस येतो, व दाराजवळच्या बांकावर बसतो. आम्ही त्याला पुढें येऊन बसण्याचा आग्रह करीत नाहीं.

प्रभु आम्हां सर्वांस पाहणारे डोळे व धीर धरणारे हात देवो. आमेन.