रबरावरचा ठेका आणि सोवळे

घरी सरावासाठी स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक ड्रम घ्यायचा तर कोणता, हा प्रश्न वरवर पाहता दुकानात सुटणारा आहे. पण शेगाव, खामगाव, चिखली, मेहकर या पट्ट्यात ज्या घरात भजनाचा मृदंग आधीपासून आहे, तिथे त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो. रबराच्या थाळीवर काठी मारून, कानाला हेडफोन लावून केलेला रियाज ही नादाची उपासना होते का? यावर दोन आक्षेप ऐकू येतात. एक म्हणतो, कातडे नाही म्हणजे प्राण नाही; हे वाद्य नव्हे, खेळणे. दुसरा उलट समाधान मानतो की कातडे नाही तेच बरे, देवघराशेजारी ठेवले तरी विटाळ नाही. हे दोन्ही पक्ष एकमेकांविरुद्ध बोलतात खरे, पण दोघांची चूक एकच आहे. दोघेही पावित्र्य वस्तूच्या द्रव्यात शोधतात.

हे शोधणे किती महागात पडते, हे सांगायला बुलढाणा जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे गाव संत चोखामेळ्याचे जन्मस्थान मानले जाते. गावातली मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम ज्या समाजावर लादलेले होते, त्यातले चोखोबा. मेलेल्या जनावराचे कातडे कमावून, ताणून, त्यावर शाई चढवून एकदा मृदंग झाला की तो थेट सभामंडपात, देवासमोर जाऊन बसे. ज्या हातांनी ते जनावर उचलले ते हात मात्र महाद्वाराबाहेर. पंढरपूरचे मंदिर दलितांसाठी उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. कातड्याला शुद्ध करून घेण्याची युक्ती ज्या व्यवस्थेला सापडली होती, तिला माणसाच्या बाबतीत ती सापडली नाही, किंवा शोधायचीच नव्हती. म्हणून ‘कातड्याशिवाय पावित्र्य नाही’ आणि ‘कातडे नाही म्हणून पावित्र्य’ ही दोन्ही वाक्ये कानाला टोचली पाहिजेत. परंपरेनेच याला उत्तर देऊन ठेवले आहे. मंगळवेढ्याची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा ढिगाऱ्यातली त्यांची हाडे नामदेवांनी ओळखली ती त्यांतून विठ्ठलनाम ऐकू आले म्हणून, अशी कथा वारकरी सांगतात. कथेतली घटना कोणी मानो न मानो, तिचा निवाडा स्वच्छ आहे: नाद कशातून निघतो यापेक्षा तो कोणाच्या साधनेने तिथे मुरला, ते महत्त्वाचे.

यावर असे म्हणता येईल की हाडांतला नाद चोखोबांचा स्वतःचा होता. ड्रमच्या पेटीतला आवाज मात्र दुसऱ्याच कोणीतरी वाजवून भरून ठेवलेला, म्हणजे नक्कल. आक्षेप वजनदार आहे. पण नाट्यशास्त्रात भरताने अवनद्ध, म्हणजे कातड्याने मढवलेल्या, वाद्यांच्या जन्माची जी कथा दिली आहे, ती पाहावी. स्वाती ऋषी पाणी आणायला सरोवरावर गेले असता लहानमोठ्या कमळपानांवर पडणाऱ्या पावसाचे वेगवेगळे ध्वनी त्यांनी ऐकले, आणि ते मनात धरून मृदंगादी वाद्ये घडवून घेतली. म्हणजे आपल्या परंपरेत पहिला मृदंगच मुळी पावसाची नक्कल आहे. हे वाद्य परके, असे कोणी म्हणेल, तर तो आक्षेप त्याहून हलका. हार्मोनियम युरोपातून आली. आकाशवाणीने १९४० पासून ती सुमारे तीस वर्षे दूर ठेवली. आज तिच्याशिवाय कीर्तन क्वचितच उभे राहते.

मग फरक कुठेच नाही का? आहे, आणि तो कातडे-रबर यांच्यामध्ये नाही. अनेक मंदिरांत आता विजेवर चालणारा नगारा बसवलेला असतो. बटण दाबले की मोटर फिरते, घंटा, झांज आणि नगारा आपोआप वाजू लागतात, आणि आरतीला आलेली माणसे हात जोडून नुसती उभी राहतात. त्या नगाऱ्यावर खरे कातडे असू शकते, तरी तिथे साधना नाही, कारण चुकायला कोणी उरलेले नाही. इलेक्ट्रॉनिक ड्रम विजेचाच, पण हात पडल्याशिवाय गप्प. पॅडखालची चकती ठोक्याचा धक्का विजेच्या संकेतात बदलते, पेटी त्यानुसार आवाज सोडते. ठेका चुकला तर चुकलेलाच ऐकू येतो. म्हणून माझ्या मते साधनेच्या वाद्याची कसोटी एकच: ते हाताशी खरे बोलते का?

आणि इथेच स्वस्तातल्या वाद्याची निवड हा नीतीचा प्रश्न होतो. खोटे बोलणारे संच बाजारात पुष्कळ आहेत. हलका ठोका आणि जोराचा ठोका यांना ते जवळपास एकच आवाज देतात, आणि तो आवाज इतका गुळगुळीत असतो की कच्च्या हातालाही आपण तयार झालो असे वाटते. पेटीवर शेकडो आवाज आणि साथीची गाणी असल्याची जाहिरात असते. त्याकडे पाहूच नये. दुकानात एकाच पॅडवर अगदी हळू सुरुवात करून जोर वाढवत न्यावा, आणि आवाज सलग चढतो की दोन-तीन पायऱ्यांत उडी मारतो ते ऐकावे. जलद, हलके दुहेरी ठोके द्यावेत. दुसरा गिळला जात असेल तर तो संच सोडावा. रोलँड कंपनीने १९९७ साली ताणलेल्या जाळीचे पॅड आणले, आता ते कमी किमतीच्या संचांतही मिळतात. रबरापेक्षा जाळी घ्यावी, कारण तिच्यावर काठी कातड्याच्या जवळपास जाईल इतकी उसळते आणि खटखटही कमी होते. पायाला खरे पेडल हवे, नुसते बटण नको. यासाठी थोडे जास्त पैसे लागतात. तेवढे नसतील तर लबाड संच घेण्यापेक्षा साधे रबरी प्रॅक्टिस पॅड आणि मोबाइलवरचा मेट्रोनोम पुष्कळ बरा. त्यात मिरवण्यासारखे काही नाही, पण तो फसवत नाही. ऑर्केस्ट्रात वाजवायचे म्हणून थेट आठ पॅडच्या ऑक्टोपॅडकडे जाणाऱ्या मुलांनाही हेच सांगावेसे वाटते. ऑक्टोपॅड उत्तम वाद्य आहे, पण पायाची सवय तो आपोआप लावत नाही.

हेडफोनचा आक्षेप उरतो. भजन दहा जणांत होते, मग एकट्याच्या कानात बंद झालेला ताल भक्तीचा कसा? पण रियाज नेहमीच एकट्याचा होता. शिवाय ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे. भिंतीपलीकडे आजारी माणूस किंवा दहावीची मुलगी असेल तर हेडफोन लावणे हीच दया. मात्र हेडफोन लावला म्हणजे मौन झाले असे समजू नये. पेडलचा दणका स्लॅबमधून खालच्या घरात उतरतो, वाजवणाऱ्याला तो ऐकू येत नाही एवढेच. खाली जाड रबरी चटई टाकणे, वरच्या मजल्यावर असल्यास रात्री पाय थांबवणे, हा खर्च आणि हा संयम संचाच्या किमतीतच धरला पाहिजे.

एका आक्षेपापुढे मात्र माझ्याकडे पुरते उत्तर नाही. मृदंगाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, दर वेळी कणीक लावावी लागते, वाद्या ओढाव्या लागतात, कातड्याची पुडी फुटली की कारागिराकडे जावे लागते. ही देखभाल म्हणजे सेवाच, आणि तिच्यावर कुणाचे घर चालते. शेगावचे गजानन महाराज संस्थान गावोगावच्या भजनी मंडळांना टाळ, मृदंग, वीणा देते, तेव्हा त्या देण्यात हा कारागीरही नकळत सांभाळला जातो. ड्रमचा संच कारागिराला काहीच देत नाही. बिघडला की पेटी बदलायची आणि जुनी भंगारात टाकायची. म्हणून ज्या घरात मृदंग आहे तिथे संच घेताना मृदंग विकू नये. पुडी फुटलेली असेल तर संचासाठी जमवलेल्या पैशांतून आधी ती चढवून घ्यावी, आणि उरलेल्या पैशांत बसेल तो संच पाहावा.