कोणता हॅम्लेट?

शेक्सपिअर इंटरनेटवर फुकट मिळतो, एवढ्यावर इंग्रजी साहित्याचे आपले विद्यार्थी समाधानी आहेत आणि त्यांचे शिक्षकही. ‘हॅम्लेट’ एवढं टाइप केलं की क्षणात नाटक समोर उभं राहतं. स्वच्छ, सलग, अंक आणि प्रवेश पाडलेलं. ही संहिता कुणी तयार केली, कधी, कशावरून, हे विचारायचं कुणाच्या मनात येत नाही. संकेतस्थळही ते आपण होऊन सांगत नाही.

बहुतेक वेळा ती 1864 सालची असते. केंब्रिजच्या क्लार्क आणि राइट या संपादकांनी त्या वर्षी ‘ग्लोब’ नावाची एकखंडी आवृत्ती काढली. तिचा स्वामित्वहक्क केव्हाच संपला होता, म्हणून संगणकावर शेक्सपिअर चढवण्याची वेळ आली तेव्हा हीच आवृत्ती सोयीची ठरली. ‘मोबी’ या नावाने तिची फाइल फिरू लागली आणि 1993 साली एमआयटीच्या सर्व्हरवरून संपूर्ण शेक्सपिअर जगाला खुला झाला तो याच फाइलवरून. पुढे असंख्य संकेतस्थळांनी तिथूनच उचललं. म्हणजे एकविसाव्या शतकातला विद्यार्थी मोबाइलवर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं संपादन वाचतो आणि त्यालाच शेक्सपिअर समजतो.

संपादन जुनं असण्याबद्दल माझी तक्रार नाही. क्लार्क-राइट मोठ्या तोलाचे संपादक होते. तक्रार आहे ती या संहितेने जे झाकलं त्याबद्दल. ‘हॅम्लेट’ एक नाही, तीन आहेत. पहिला 1603 सालच्या क्वार्टोतला (क्वार्टो म्हणजे एका नाटकाची लहान आकारातली छापील आवृत्ती), जेमतेम 2,200 ओळींचा. दुसरा 1604-05च्या क्वार्टोतला, 3,800च्या आसपास ओळींचा. तिसरा 1623च्या फोलिओतला, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या आकारातल्या एकत्रित ग्रंथातला, ज्यात दुसऱ्यातल्या दोनशेहून अधिक ओळी नाहीत आणि काही नव्या आहेत. ग्लोबच्या संपादकांनी दुसरा आणि तिसरा एकत्र केले. परिणामी आपण जो ‘हॅम्लेट’ वाचतो तो त्या रूपात शेक्सपिअरच्या हयातीत कधीही छापला गेला नव्हता.

पहिल्या क्वार्टोची गोष्ट तर वेगळीच. 1823पर्यंत तो कुणाला ठाऊकच नव्हता. आज त्याच्या दोनच प्रती उरल्या आहेत, एक लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत, दुसरी कॅलिफोर्नियात हंटिंग्टन लायब्ररीत. त्यात दरबारी पोलोनियसचं नाव कोराम्बिस आहे. सर्वांत प्रसिद्ध स्वगत बरंच आधी येतं. आणि हॅम्लेटची आई, राणी गर्ट्रूड, स्पष्ट सांगते की त्याच्या वडिलांच्या खुनाबद्दल तिला काही माहीत नव्हतं. ती मुलाला साथ द्यायचं वचनही देते. गर्ट्रूड दोषी की अजाण, या प्रश्नावर विद्यार्थी पानंच्या पानं लिहितात. उत्तर कोणत्या ‘हॅम्लेट’पुरतं, हे त्यांना कुणी विचारत नाही.

एलिझाबेथकालीन नाटकांच्या अभ्यासाला इंटरनेटने दिलेली खरी देणगी मला इथे दिसते. फुकट संहिता मिळणं ही त्यातली कमी महत्त्वाची बाब. 1623चा फोलिओ, क्वार्टो, नाटकमंडळ्यांच्या हिशेबाच्या वह्या, हे सगळं पूर्वी फक्त लंडन-ऑक्सफर्ड-वॉशिंग्टनला जाऊ शकणाऱ्यांचं होतं. आता लातूरच्या मुलीलाही ती पानं बघता येतात. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयाचा फोलिओ घ्या. नवी आवृत्ती आली म्हणून सतराव्या शतकात ग्रंथालयाने ही प्रत काढून टाकली. 1905 साली एक विद्यार्थी घरातलं जुनं पुस्तक बांधणीच्या सल्ल्यासाठी घेऊन आला आणि ते तेच निघालं. लोकवर्गणीतून 3,000 पौंड जमवून ग्रंथालयाने ती परत विकत घेतली. 2013 साली, पुन्हा लोकांच्याच देणग्यांवर, ती इंटरनेटवर आली. ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची पानं तिच्यात सर्वांत झिजलेली दिसतात. तेव्हाचे विद्यार्थी काय वाचत होते हे त्या पानांवरून समजतं, कोणत्याही गाइडवरून नाही.

शेक्सपिअरचा समकालीन नाटककार मार्लो याचा ‘डॉक्टर फॉस्टस’ तर वर्गात शिकवण्यासाठी याहून सोयीचं उदाहरण. 1604 आणि 1616 अशा त्याच्या दोन संहिता आहेत. दुसरीत सहाशेहून जास्त ओळी नव्या आहेत. 1616च्या संहितेत सैतानाचा दूत मेफिस्टोफिलिस शेवटी कबुली देतो की फॉस्टस बायबल वाचत असताना पानं उलटणारा आणि त्याची नजर वळवणारा तोच होता. 1604मध्ये ही कबुली नाही. मग फॉस्टसच्या अधःपाताला तो स्वतः जबाबदार की सैतान? परीक्षेतला ठरलेला प्रश्न. पण दोन संहितांत त्याचं उत्तर एकच राहत नाही.

हा बदल कुणी केला असेल, तेही बघायला मिळतं. रोझ आणि फॉर्च्यून या नाटकगृहांचा मालक फिलिप हेन्स्लो जमाखर्चाची वही ठेवत असे. ती डलिच कॉलेजात आहे, आणि तिची छायाचित्रं इंटरनेटवर आहेत. नोव्हेंबर 1602मध्ये विल्यम बर्ड आणि सॅम्युएल रोली या दोघांना ‘फॉस्टस’मध्ये भर घालण्यासाठी चार पौंड दिल्याची नोंद तीत आहे. मार्लो जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. 1616च्या संहितेतली बरीच भर हीच असावी असं अनेक अभ्यासक मानतात. नाटक म्हणजे एका प्रतिभावंताचं अक्षर-अक्षर पवित्र लेखन, हा समज मोडायला चार पौंडांची ही नोंद पुरेशी आहे.

मराठी वाचकाला यात परकं वाटावं असं खरं तर काही नाही. लंडनच्या रंगभूमीवर मार्लोचा उदय व्हायच्या थोडं आधी, 1584 साली, पैठणला एकनाथ ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहून पाठ शुद्ध करत होते. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 साली पूर्ण केली. पाठभेद आपण पोथीत मानतो. इंग्रजीच्या वर्गात शिरताना मात्र ते बाहेर ठेवतो.

यावर आक्षेप ठरलेला: बी.ए.च्या मुलांना साधी इंग्रजी जड जाते, त्यांना चारशे वर्षांपूर्वीचं स्पेलिंग आणि ‘एफ’सारखा दिसणारा ‘एस’ कशाला? आक्षेप बरोबर आहे. आख्खा क्वार्टो वाचायला कुणी सांगत नाही. वाचनासाठी वॉशिंग्टनच्या फोल्जर लायब्ररीची संहिता आहे, फुकट आणि विश्वासार्ह. तिच्या ‘हॅम्लेट’मध्ये वेगवेगळ्या कंसांनी दाखवलं आहे की कोणत्या ओळी फक्त क्वार्टोत आहेत आणि कोणत्या फक्त फोलिओत. शेक्सपिअर सोडून इतर नाटककारांची शेकडो नाटकंही फोल्जरने खुली ठेवली आहेत. हरवलेल्या नाटकांचाही एक कोश आहे. 1567 ते 1642 या काळात सुमारे तीन हजार नाटकं लिहिली गेली असावीत आणि त्यांतली 543च उरली, असा अंदाज केला जातो. (ज्याला आपण ‘एलिझाबेथकालीन’ म्हणतो त्यातलं बरंच काही, ‘लिअर’ आणि ‘मॅकबेथ’ धरून, राणी एलिझाबेथ 1603 साली वारल्यानंतरचं आहे. ते साल अनेक संकेतस्थळांच्या गावीही नसतं.)

मात्र या सगळ्यावर डोळे मिटून विसंबणंही धोक्याचं. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठात 1996 साली सुरू झालेला ‘इंटरनेट शेक्सपिअर एडिशन्स’ हा उत्तम प्रकल्प जुन्या सॉफ्टवेअरपायी 2018 साली थांबवावा लागला आणि त्यातलं काम नव्या जागी हलवणं भाग पडलं. ऑक्टोबर 2023मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला आणि तिथला मोठा डिजिटल संग्रह दीर्घकाळ बंद राहिला. जुन्या छापील इंग्रजी पुस्तकांच्या ‘ईबो’ या प्रचंड संग्रहाची छायाचित्रं आजही वर्गणीमागे आहेत. त्यांतल्या सुमारे 25,000 पुस्तकांची टंकलिखित संहिता तेवढी 2015 साली सर्वांना खुली झाली, नंतर आणखी काही. आपल्या बहुतेक महाविद्यालयांना ती वर्गणी परवडणारी नाही.

तरी सुरुवातीला पैसे लागत नाहीत. 1604 आणि 1616 हे दोन्ही ‘फॉस्टस’ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर शेजारी-शेजारी आहेत. प्राध्यापकांना विनंती एवढीच, की पुढच्या सत्रात गाइडमधला प्रश्न देण्याआधी दोन्हींचा शेवटचा प्रवेश वर्गात वाचून घ्यावा, आणि उत्तरपत्रिकेच्या पहिल्या ओळीत आपण कोणत्या संहितेबद्दल लिहितो आहोत हे नोंदवायला लावावं. त्याला गुणही ठेवावेत.