नुसता वाजायला हवा

आमच्या कुटुंबात रिचार्ज मारायचं खातं माझ्याकडे आहे. कुणी सोपवलं नाही, येऊन पडलं. कोरेगावला एकटी राहणारी आई, पुण्यात आमच्याजवळ असलेल्या सासूबाई, इंजिनिअरिंगला असलेला भाचा आणि आमच्याकडे पोळ्या-भाजीला येणाऱ्या मावशी, या सगळ्यांचे प्रीपेड नंबर माझ्या यूपीआय ॲपमध्ये एकाखाली एक आहेत. मावशी पैसे रोख आणून देतात. भाचा देत नाही. आई प्रत्येक वेळी देऊ करते आणि मी घेत नाही. त्यामुळे दर वाढले की ते आधी मला कळतं आणि मग मी घरोघरी सांगते. कंपनीच्या वतीने वाईट बातमी द्यायचं हे काम बिनपगारी आहे, पण त्यात एक गोष्ट फुकट पाहायला मिळते. एकाच दरवाढीचे चार माणसांवर चार परिणाम होतात.

२०२४च्या जून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जिओने दर वाढवत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाही मागोमाग आल्या. ३ आणि ४ जुलैपासून नवे दर लागू झाले. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा जिओचा प्लॅन २३९ वरून २९९ झाला, वर्षाचा २९९९चा ३५९९ झाला. १२ जुलैला मुंबईत अंबानींच्या घरचं लग्न होतं, त्यामुळे आहेर आपल्याकडून वसूल होतोय असले विनोद फोनाफोनी फिरत होते. बहिष्काराच्या हाका झाल्या, बीएसएनएलकडे घरवापसीच्या घोषणा झाल्या.

भाच्याने घोषणा वगैरे काही दिल्या नाहीत. त्याने मला मेसेज केला, ‘मामी, दोन तारखेच्या आत जुन्या दराने मारून ठेव, रांगेत लागतं.’ खरंच लागत होतं. चालू प्लॅन संपला की आधी भरून ठेवलेला आपोआप सुरू होतो. ज्याच्याकडे एकदम तीन हजार रुपये होते त्याने वर्षभरासाठी दरवाढ चुकवली. ज्याच्याकडे तीनशेच होते, आणि तेही पगार झाल्यावर, त्याला नवा दर पहिल्याच महिन्यात लागला. महागाई बहुतेक वेळा अशीच येते, पण इथे ती तारखेनिशी दिसत होती.

आईचं उत्तर फोनवर लगेच आलं. ‘मग माझा बंद कर. मला कोण फोन करतंय?’

यात राग नव्हता. तिच्या पिढीचं हे ठरलेलं उत्तर आहे. पेपर महागला तेव्हा तिने पेपर बंद करायला सांगितलं होतं, केबल महागली तेव्हा केबल. भाव वाढला की ती गोष्टीची किंमत करत नाही, स्वतःची गरज कमी करते. मी म्हटलं, ‘अगं, मला तरी फोन करायचा असतो ना?’ त्यावर ती म्हणाली, ‘मला कुठे बोलायचंय? नुसता वाजायला हवा.’

तिच्या या वाक्यापाशी मी बरीच थांबले, कारण प्रीपेडचा सगळा झगडा त्यातच आहे. भारतात १९९५ साली मोबाइल आला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. २००३ साली येणारे फोन फुकट झाले. त्यानंतर रिक्षावाले, भाजीवाले, गावाकडचे आईबाप यांच्या हातात फोन आला, कारण दहा रुपयांचा टॉपअप मारून तो महिनोन्महिने नुसता वाजू शकत होता. २००९मध्ये सेकंदाला एक पैसा असा दर आला, तेव्हा तर माणसं वाक्य अर्ध्यावर तोडून फोन ठेवायला शिकली. मिस कॉलची एक अख्खी व्यवस्था होती. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू कर. तेव्हा महाग-स्वस्त काय ते बोलण्यावर ठरायचं, आणि बोलायचं की नाही हे माणसाच्या हातात होतं.

२०१६च्या सप्टेंबरमध्ये जिओ आलं आणि बोलणं फुकट झालं, पैसे डेटाचे पडू लागले. त्याचं कौतुक पुष्कळ झालं, तेही खरंच होतं. मात्र माझ्या मते खरा सांधा बदलला तो २०१८च्या शेवटी, आणि त्याची कुणी फारशी चर्चा केली नाही. एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने ठरवलं की नंबर चालू ठेवायचा असेल तर दर २८ दिवसांनी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज मारावाच लागेल. नाही मारला तर आधी जाणारे फोन बंद, काही दिवसांनी येणारेही. म्हणजे आता पैसे वाजण्याचे पडू लागले. एसटीत बसा न बसा, थांब्यावर उभं राहण्याचं भाडं द्या, अशातला हा प्रकार. रक्कम ३५ होती म्हणून कुणाला टोचली नाही. एअरटेलचा हा सर्वांत स्वस्त पर्याय पुढे ४९ झाला, २०२१च्या जुलैमध्ये ७९, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ९९, मग एकेक राज्य करत १५५, आणि २०२४च्या जुलैत १९९. आता १९९मध्ये हवं तितकं बोलता येतं, ३५मध्ये सव्वीस-सत्तावीस रुपयांचा टॉकटाइम होता, हे मान्य. पण ‘हवं तितकं’ हे ज्याला हवं असतं त्याच्यासाठी असतं.

कंपन्यांची बाजू मला खोटी वाटत नाही. दोन सिमांच्या फोनमध्ये एक सिम नुसतं ऐकायला ठेवणारे कोट्यवधी ग्राहक होते. टॉवरची वीज त्यांच्यासाठीही जळत होती. २०१९च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने सरकारची जुनी थकबाकी कंपन्यांच्या डोक्यावर आली. डझनभर कंपन्या होत्या त्यातल्या तीन खासगी आणि एक सरकारी उरली. एअरटेलचे सुनील मित्तल तर ग्राहकामागे महिन्याला सरासरी दोनशे, पुढे तीनशे रुपये मिळाले पाहिजेत असं कित्येक वर्षं उघड बोलत आले आहेत. २०२४च्या दरवाढीनंतर एअरटेलचा हा आकडा एका तिमाहीत २११ वरून २३३ झाला. धंदा म्हणून यात वावगं काही नाही. माझी अडचण सरासरी या गोष्टीशी आहे. सरासरीत माझा भाचा आणि माझी आई एकाच रांगेत उभे राहतात.

भाच्याचं गणित वेगळं आहे. त्याच्या मते फोन आजही स्वस्तच आहे. एकेकाळी महिनाभराच्या एका जीबीला अडीचशे रुपये पडत, आता जवळपास त्याच पैशांत तो महिनाभर रोज तेवढं संपवतो. ‘जीबीमागे किती पडतं ते बघ,’ असं तो सांगतो आणि त्याचं बरोबर आहे. आईच्या हिशेबात जीबी नाहीच. तिचा फोन बटणांचा आहे. तिने कधी न वापरलेल्या इंटरनेटचे पैसे दर २८ दिवसांनी भरले जात होते, आणि ते मी भरत होते म्हणून तिला जाणवत नव्हते. यूपीआयने हेही एक केलं. पूर्वी ती कोपऱ्यावरच्या दुकानात जायची, दुकानदाराशी घासाघीस व्हायची, ‘अजून कमीतला नाही का?’ विचारायची. आता ते भांडणच उरलं नाही. मुलांनी मारलेल्या रिचार्जमुळे गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांचा आवाज बाजारातून गेला.

सासूबाईंनी मात्र दरवाढीला वेगळाच जबाब दिला. पैसे भरलेच आहेत तर वसूल करायचे! दुपारी जेवण झालं की चष्मा लावून त्या जुन्या डायरीतले नंबर काढतात आणि नाशिकच्या नणंदेपासून बेळगावच्या मैत्रिणीपर्यंत सगळ्यांची खबरबात घेतात. दर वाढले तसं त्यांचं बोलणं वाढलं. माझ्या परिचयात कंपनीवर सूड उगवलेली ही एकच ग्राहक.

बहिष्काराचं काय झालं, तेही पाहण्यासारखं आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांनुसार त्या जुलै महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक नव्याने मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांनी मिळून सुमारे ३८ लाख गमावले. बातम्या २९ लाखांच्या झाल्या. मला मधल्या नऊ लाखांचं कुतूहल आहे. आकड्यांची वजाबाकी सरळ नसते हे कळतं, तरी हे नंबर बहुधा कुठेच गेले नाहीत, नुसते बंद पडले. कुणी दुसरं सिम काढून ठेवलं असेल, कुणी आईचा फोन बंद केला असेल. घोषणा देणारे पोर्ट करतात आणि ज्यांना परवडत नाही ते गप्प बसतात. पुढे नोव्हेंबरपर्यंत बीएसएनएलचेही ग्राहक पुन्हा कमी होऊ लागले. त्यांचं फोर-जी तेव्हा उभं राहतच होतं, त्याचं देशव्यापी उद्घाटन व्हायला २०२५चा सप्टेंबर उजाडला.

एसटीचं भाडं २०२५च्या जानेवारीत जवळजवळ पंधरा टक्क्यांनी वाढलं, तेव्हा त्याला परिवहन प्राधिकरणाची मंजुरी लागली, आंदोलनं झाली, मंत्र्यांना उत्तरं द्यावी लागली. मोबाइलचे दर ठरवायला कंपन्या मोकळ्या आहेत. नवा दर लागू केला की ट्रायला कळवायचं, एवढंच. फोन ही चैन होती तेव्हा हे ठीक होतं. आता गॅसचं सिलिंडर घेताना ओटीपी, बँकेत ओटीपी, रेशनला ओटीपी. २०२५च्या सप्टेंबरमध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी सुरू झाली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरावर ओटीपी येणं भाग होतं, बाईच्याही आणि नवऱ्याच्याही. मावशींच्या नवऱ्याचा नंबर तेव्हा बंद पडलेला होता. योजनेचे दीड हजार मिळत राहावेत म्हणून आधी त्याचा रिचार्ज मारावा लागला. त्या दिवशी त्याला कुणालाही फोन करायचा नव्हता.

ट्रायने २०२४च्या डिसेंबरमध्ये एक गोष्ट चांगली केली. ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी फक्त बोलण्याचा आणि एसएमएसचा प्लॅन ठेवलाच पाहिजे, असा नियम केला. जानेवारीत प्लॅन आले. ८४ दिवसांचा एअरटेलचा आधी ४९९ला होता, काही दिवसांत ४६९वर आला, जिओचा ४४८. आईला मी लगेच त्यावर नेलं. दिवसाला साडेपाच रुपयांच्या आसपास पडतात, पूर्वी सात पडत होते. ‘आता बंद करायला नको ना?’ मी विचारलं. ‘राहू दे मग,’ ती म्हणाली. कंपनीवर उपकार केल्यासारखं.

मावशींना तो उपयोगाचा नाही. त्यांचा फोन स्मार्ट आहे, नातीला शाळेचे व्हिडिओ त्यावरच येतात, आणि एकदम साडेचारशे-पाचशे काढणं त्यांना जमत नाही. जास्त दिवसांचा प्लॅन मी मारून देते, तुम्ही सवडीने फेडा, असं मी सुचवून पाहिलं. ‘नको ताई. एकदम घेतलं की फिटेपर्यंत डोक्यावर बसतं.’ त्या किंमत कधी विचारत नाहीत. विचारतात, ‘दिवस किती?’

दिवस २८. त्यातली मेख सगळ्यांना ठाऊक आहे, वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. पण मावशींच्या बाबतीत त्याहून वाईट काही होतं, आणि ते त्यांनीच मला दाखवलं. त्यांना सगळ्या घरचे पगार सात तारखेपर्यंत मिळतात. रिचार्ज सात तारखेला मारला तर पुढचा चार-पाच तारखेला संपतो, त्यापुढचा एक-दोनला, मग आधीच्या महिन्याच्या शेवटाला, हातात काहीच नसताना. म्हणून त्या मधूनमधून मुद्दाम नंबर बंद पडू देतात. कामाच्या घरी सांगून ठेवतात, अमुक दिवस फोन लागणार नाही, शेजारच्या पोरीच्या नंबरवर करा. कंपनीच्या हिशेबात याला काय म्हणत असतील कोण जाणे.

२०२५च्या ऑगस्टमध्ये त्यांचा नेहमीचा २४९चा प्लॅन ॲपवरून नाहीसा झाला. दरवाढ जाहीर झाली नव्हती. फक्त रोजच्या डेटाचे २८ दिवसांचे प्लॅन आता २९९पासून सुरू होत होते. पन्नास रुपये जास्त म्हटल्यावर त्या थोडा वेळ पोळपाटाकडे बघत राहिल्या. मग मी त्यांच्या कंपनीची सगळी यादी खाली-वर करून पाहिली. ३१९ला एक प्लॅन होता, महिन्याच्या त्याच तारखेला संपणारा. ट्रायने २०२२मध्ये सक्ती केल्यामुळे असे प्लॅन ठेवावे लागतात, पण यादीत ते सहज सापडत नाहीत. वीस रुपये जास्त, दिवस दोन-तीन जास्त.

‘म्हंजी सात तारखेला मारलं तर पुढल्या सातलाच संपंल?’

‘हो.’

‘आणि त्याच्या पुढल्या?’

‘तेव्हाही सातलाच.’

त्यांनी पदरात बांधलेल्या नोटा काढल्या, मोजल्या आणि पुन्हा बांधल्या. ‘मग आज नका मारू,’ त्या म्हणाल्या. ‘चार दिवस बंद राहू द्या. सातला मारा.’